बघायला, जपायला, वाटायला

१२ जानेवारी २०१५, सोमवार
र्‍योत्सु, सादो बेट

मित्सु,

पत्राच्या सुरुवातीला थंडीचं, तब्येतीचं विचारायचं असतं, ते मला माहीत आहे. पण आज माझ्यात तेवढा धीर नाही. आधी बातमी ऐक. अठरा फेब्रुवारी, बुधवार. ‘दीपस्तंभ क्रमांक शून्य’ची डिस्क येतेय!

एकतीस वर्षांनी पत्र लिहायचं आणि सुरुवात अशी करायची, म्हणजे बाईला वयाची पन्नाशी आली तरी अक्कल आली नाही, असं म्हणशील. म्हण. गोरोही तेच म्हणतो. त्याने आता वडिलांचं, त्सुचियाकाकांचं, विजेच्या सामानाचं दुकान चालवायला घेतलंय, काका जाऊन बारा वर्षं झाली. मी बंदरावरच्या खानावळीत सोबा नूडल्स उकळते. आपल्या ‘दीपस्तंभ’ चाहता मंडळाचे बेटावर उरलेले सदस्य आम्ही दोघंच.

गेल्या उन्हाळ्यात सिनेमा लागला तेव्हा तू बघितलास का? बघितला असलास तर कळवू नकोस, अजिबात कळवू नकोस! बेटावर तो लागला नाही. निइगाताला जाऊन बघावा म्हटलं, तर त्याच आठवड्यात आई घसरून पडली आणि कमरेचं हाड मोडलं. ती हॉस्पिटलातून घरी येईतो सिनेमा उतरलाही होता. गोरो जाऊ शकला असता, पण म्हणाला, “तुझ्याआधी बघितला तर तू मला जगू देशील का?” तेव्हापासून आठ महिने आम्ही दोघं कानात बोळे घालून फिरतोय. गोरोने दुकानात पाटी लावलीय : ‘शून्यबद्दल बोलणाऱ्याला बल्ब मिळणार नाही.’ एका गिऱ्हाइकाला खरंच परत पाठवलं. तो बिचारा शून्य वॉटचं काहीतरी मागत होता.

आणि खरी गंमत पुढेच आहे. पहिल्या आवृत्तीच्या खोक्यात जुन्या ‘दीपस्तंभ क्रमांक नऊ’चा शेवटचा भाग देणार आहेत! ती कंपनी बुडाली, मालिका कधी विकायलाच आली नाही, एकतीस वर्षांपूर्वीच्या त्या मार्चनंतर तो भाग कुणीही परत पाहिलेला नाही. आसागि कप्तान आकाशगंगेतल्या त्या दीपस्तंभाचा दिवा मालवतो, सगळं काळं होतं, आणि मग कुणाचा तरी हात दिवा पुन्हा लावतो. गोरो अजून म्हणतो, हात कप्तानाचाच होता. तू म्हणायचीस, पोंताचा. मला तर अजून डोळ्यांपुढे दिसतो, त्या गंजक्या यंत्रमानवाचा एकुलता एक उजवा हात. आता सोक्षमोक्ष लागेल.

मी तीन डिस्क मागवल्यात. आपला नियम आठवतोय ना? एक बघायला, एक जपायला, एक वाटायला. बघायची आणि जपायची माझ्याकडे राहील. तिसरी तुझ्या पत्त्यावर पाठवायला सांगितलीय. पत्ता तुझ्या मावशीने दिला, तिला रागावू नकोस, तिला मी पर्सिमन फळांची पेटी देऊन फितवलं.

उत्तर दिलं नाहीस तरी डिस्क येणारच.

दिवा चालू आहे!
सुमिए (सदस्य क्रमांक एक)


२४ जानेवारी, शनिवार

मित्सु,

पोस्टकार्ड मिळालं! किती वेळा वाचलं ते सांगत नाही. दोनच ओळी, त्यामुळे पाठच झालंय : ‘ते सगळं मी विसरले. शिवाय पोंताचा हात डावा होता, उजवा नव्हे.’

अगं, विसरलेल्या बाईला डावा-उजवा कसा आठवतो?

मी ते कार्ड तडक गोरोला नेऊन दाखवलं. तो शिडीवर चढून कुणाच्या तरी घरी एसी लावत होता. “कुणाचं?” म्हणाला. मी म्हटलं, “उत्सुगि मित्सुयोचं, नागाओकाहून.” त्याचा पाना हातातून सुटला, माझ्या पायापासून वीतभर लांब पडला. मग बराच वेळ तो भिंतीकडे तोंड करून स्क्रू पिळत राहिला. शेवटी म्हणाला, “तिला म्हणावं, हात डावा असो की उजवा, कप्तानाचाच होता.” खाली उतरला तेव्हा मात्र विचारलंन, “आणखी काय लिहिलंय?” मी म्हटलं, “काही नाही.” “टेपचं काही?” “नाही.”

त्या दिवसाचं त्याच्या मनात अजून आहे, मित्सु. माझ्याही.

पण आज ते नको. आज चांगल्याच गोष्टी लिहायच्या असं ठरवून बसलेय. पंचवीस दिवस उरलेत. गोरोने दुकानातला सगळ्यात मोठा टीव्ही विकायचं थांबवलंय. वर ‘विकला गेला’ अशी चिठ्ठी लावून ठेवलीय, आणि बायकोने विचारलं की कुणाला, तर म्हणतो, आकाशगंगेला. आईसुद्धा रोज विचारते, “तुमचा तो कंदील कधी येतोय?” खोक्यावर चित्र काय आहे हे बघण्याचा मोह मला रोज होतो. परवा खानावळीत एका पोराच्या हातात मासिक होतं, त्यावर पोंतासारखं काहीतरी चमकलं, तर मी सोब्याची वाटी तशीच टाकून आत पळाले. वाटी गिऱ्हाइकाच्या मांडीवर.

खोक्यासोबत एक छोटी पुस्तिकाही आहे म्हणे. ती सिनेमा बघायच्या आधी उघडायची नाही. तूही उघडू नकोस. आपण एकाच वेळी सुरू करूया का? बुधवारी संध्याकाळी सहा वाजता, तू तिकडे, मी इकडे. मध्ये समुद्र असेना का.

दिवा चालू आहे. आणि हात डावा, मान्य.
सुमिए


५ फेब्रुवारी, गुरुवार

मित्सु,

तेरा दिवस उरलेत. मी आनंदाने नाचायला हवं, आणि नाचतेही आहे, पण पायात काटा रुतलाय. तो काढल्याशिवाय तुझ्यासोबत सहा वाजता बटण दाबायचं मला धाडस होत नाही. कारण दिवा पुन्हा लागतो ती चार मिनिटं जेव्हा समोर येतील, तेव्हा तू एकटीच असशील आणि तुला एकच गोष्ट आठवेल.

आपल्या टेपची पाळी आठवते? एकच टेप, गोरोच्या दुकानातल्या यंत्रावर रेकॉर्ड केलेली, चार-चार दिवस प्रत्येकाकडे. त्या दिवशी तू सगळ्यांसमोर कॅसेटच्या कडेचा तो प्लास्टिकचा इवलासा तुकडा स्क्रूड्रायव्हरने तोडलास. तो तोडला की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. आपण टाळ्या वाजवल्या. “आता देव आला तरी पुसता येणार नाही,” तू म्हणालीस.

माझी पाळी आली. आमच्याकडे मामाने दिलेलं जुनं यंत्र होतं. संध्याकाळी मी शेवटचा भाग लावून बसले होते. कप्तानाने दिवा मालवला आणि मला इतकं रडू आलं की मी तिथेच थांबवलं. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून ओरडली, “सुमी! बाबा दाखवताहेत! बातम्यांत! भर लवकर, भर!” टीव्हीवाले आदल्या आठवड्यात माकळं पकडणाऱ्या बोटींचं काहीतरी करायला बंदरावर आले होते. घरात दुसरी कॅसेट नव्हती. तुटलेल्या तुकड्याच्या भोकावर सेलोटेप चिकटवली की यंत्र फसतं, हे मला गोरोनेच शिकवलं होतं. मी चिकटवली, आणि बटण दाबलं. पुढे सरकवायला हवी होती. नाही सरकवली. आठवलंच नाही.

चार मिनिटं. त्यात बाबा चाळीस सेकंद.

ते संपल्यावर मी काय केलं ते मला कळलं. आणि मग मी दुसरी गोष्ट केली, ती चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी तशीच नवी कॅसेट आणली. केस वाळवायच्या यंत्राने आपल्या टेपचा नावाचा कागद सोडवला, नवीवर चिकटवला, तिचाही तुकडा तोडला आणि ती तुझ्या हातात दिली. तुमच्याकडे यंत्र नव्हतं, हे मला माहीत होतं. रविवारी गोरोकडे सगळे जमले, तू पिशवीतून टेप काढलीस, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. गोरो म्हणाला, “ही ती टेपच नाही. खरी हिने घरी ठेवली.” तू माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली.

होकारार्थी हलवली, मित्सु.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात एकतीस वर्षं लख्ख उजेड आहे. एप्रिलमध्ये तू नोकरीसाठी नागाओकाला निघालीस, तेव्हा सगळ्या मुलामुलींच्या हातात बोटीवरून कागदी फिती होत्या आणि खाली धक्क्यावर त्यांची दुसरी टोकं धरायला कुणी ना कुणी उभं होतं. तुझ्या फितीचं टोक कुणी धरलं नाही. मी तिकीटघराच्या मागून बघत होते. ती पाण्यात पडली. पिवळी होती.

खरी टेप माझ्याकडे आहे. पुसणार कशी? बाबा त्यानंतर सहा वर्षांनी गेले. त्यांचा हलता-बोलता असा तेवढाच तुकडा जगात आहे. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला आई म्हणते, लाव. मी लावते. आईला बाबा दिसतात. मला त्यांच्याआधी मालवलेला दिवा दिसतो.

हे सगळं मी गोरोलाही सांगणार आहे. तुला आधी सांगायचं होतं.

डिस्क येईलच. ती परत पाठवायची असेल तर पाठव. फक्त आधी बघ. तेवढं कर. माझ्यावरच्या रागापायी पोंताला शिक्षा नको.

सुमिए


१७ फेब्रुवारी, मंगळवार

मित्सु,

उद्या! उद्या तो दिवस, आणि बोट बंद!

सोमवारपासून समुद्राने असं तांडव मांडलंय की लाटा खानावळीच्या काचेवर येतात. लहान बोट नाही, मोठी नाही, टपाल नाही. म्हणजे हे पत्रही इथेच पडून राहणार, हे मला कळतंय. तरी लिहितेय. गोरोने वाहतूकवाल्यांना दिवसातून सहा वेळा फोन केला. दुकानाचा सगळा माल निइगाताच्या गोदामात बसलाय. शेवटी तो माणूस वैतागून म्हणाला, “साहेब, औषधं आहेत का त्यात?” गोरो म्हणाला, “त्याहून महत्त्वाचं आहे.” फोन ठेवल्यावर स्वतःच लाजला.

मग त्याला एक गोष्ट सुचली आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. “म्हणजे आज मंडळात डिस्क फक्त तिच्याकडे आहे?” कारण तुझी तिथूनच परस्पर गेलीय, नागाओकाला बोट लागत नाही. आज दुपारीच पोचली असेल. मला हसू फुटलं. टेप दडवली म्हणून ज्या बाईला आम्ही हाकललं, तिच्याच घरात आज एकुलती एक डिस्क, आणि आम्ही दोघं काचेला नाक लावून समुद्राकडे बघतोय!

हसता हसता मी सांगून टाकलं. गेले बारा दिवस रोज त्याच्या दुकानापर्यंत जायचे आणि बॅटऱ्या घेऊन परत यायचे. घरात आता इतक्या बॅटऱ्या झाल्यात की आईने विचारलं, युद्ध आहे का. आज सगळं सांगितलं. सेलोटेप, नवी कॅसेट, मान हलवली ती.

तो गल्ल्यामागे बसला. एक रिमोट उघडला, बंद केला, परत उघडला. मग म्हणाला, “एकतीस वर्षं मी चुकीच्या बाईला चोर म्हणत होतो. आता बरोबर बाईला म्हणू का?”

“म्हण,” मी म्हटलं.

“चोर.”

“हो.”

“आणि मी गाढव. कुणी काही विचारायच्या आत मीच बोललो होतो ना? पहिला मीच.” मग त्याने ‘बल्ब मिळणार नाही’ची पाटी उगाचच सरळ केली. “सेलोटेपची युक्तीही मीच शिकवली तुला,” म्हणाला आणि आत निघून गेला. बायकोने मला चहा दिला. तिला काही कळलं नव्हतं, पण चहात दोन चमचे जास्त साखर होती.

उद्या सहा वाजता तू बटण दाबशील का, मला माहीत नाही. आम्ही दाबू शकत नाही. तरी आम्ही दोघं त्या मोठ्या टीव्हीसमोर बसणार आहोत, बंद टीव्हीसमोर. गोरो म्हणतो, निदान वेळ तरी पाळू.

सुमिए


२२ फेब्रुवारी, रविवार, दुपार

मित्सु,

तुझी बोट आत्ता बांधाच्या पलीकडे वळली. कागदी फितीचं टोक अजून माझ्या हातात आहे. पिवळी मुद्दाम घेतली नव्हती हं, गोरोला दुकानात ख्रिसमसच्या सामानात तेवढीच सापडली. तू वर रेलिंगला धरून ओरडत होतीस, “अगं वेडे, फेब्रुवारीत कोण फिती धरतं? लोक बघताहेत!” पण टोक सोडलं नाहीस. बोटीने ओढून तोडली तेव्हाच तुटली. खानावळीत गिऱ्हाइकं खोळंबलीत, पण मी आधी हे लिहिते. काल जे बोलता आलं नाही, ते सगळं.

गुरुवारी गोरोने फोन उचलला तेव्हा मी तिथेच उभी होते. तो “त्सुचिया इलेक्ट्रिकल” म्हणाला आणि मग नुसताच ताठ उभा राहिला. फोन ठेवून म्हणाला, “मित्सुयो होती. ‘खोकं उघडलेलं नाही. पहिली बोट कधी?’ एवढंच.” मग खुर्चीवर बसला आणि म्हणाला, “सुमी, ती तीन दिवस समोर ठेवून बसली. मी असतो तर तीन मिनिटंही नसतो थांबलो.”

काल तू उतरलीस तेव्हा मी तुला ओळखलंच नाही, हे खरं. केस पांढरे, चष्मा, आणि हातात ते खोकं बाळासारखं. मी कंबरेत वाकले ती वाकलेलीच राहिले. तू म्हणालीस, “ऊठ. माफीबिफी काही केलेलं नाही मी. सिनेमा बघायला आलेय. टीव्ही कुठाय?”

आणि मग काय तो सिनेमा! मला अजून सलग आठवत नाही, आनंदाने सगळी दृश्यं एकमेकांवर पडलीत. पोंता नवा कोरा, दोन्ही हात असलेला! त्याचा उजवा हात जातो तो प्रसंग! तू “डावाच राहतो, बघ! बघ!” असं ओरडून गोरोच्या पाठीत गुद्दा घातलास, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते गुद्द्याने नव्हे, एवढं तुला सांगून ठेवते. आई मध्येच म्हणाली, “हा कंदील आहे होय? मला वाटलं, आकाशकंदील.” आणि तू तिला पहिल्यापासून सगळी गोष्ट समजावलीस, सिनेमा थांबवून! तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणी थांबवला असता तर मी त्याला समुद्रात टाकलं असतं.

मग जुना शेवटचा भाग. आपण तिघं एका ओळीत, गुडघ्यावर हात. कप्तानाने दिवा मालवला. मी तुझ्याकडे बघू शकले नाही. काळोख. आणि दिवा लागला.

हात नव्हताच! नुसता दिवा लागला! कप्तानाचा नाही, पोंताचा नाही, डावा नाही, उजवा नाही! एकतीस वर्षं आपण तिघांनी जो हात शपथेवर पाहिला होता, तो पडद्यावर कधी नव्हताच. गोरो म्हणाला, “मागे घे.” मागे घेतलं. नव्हता. परत मागे घेतलं. तू आधी हसलीस. मग मी. मग आपण इतके हसलो की गोरोची बायको धावत आली.

हसणं थांबल्यावर तू म्हणालीस, “ती टेप आण.”

मी पिशवीत घेऊनच आले होते. गोरोने माळ्यावरून जुनं यंत्र काढलं, धूळ पुसली. कप्तानाने दिवा मालवला, एक आडवी रेघ थरथरली, आणि बाबा आले. डोक्याला टॉवेल, मागे माकळं दोरीवर वाळत घातलेली. बातमीदाराने विचारलं, यंदा माकूळ कमी म्हणे? बाबा म्हणाले, “आज नाही मिळालं. उद्या मिळेल. समुद्र कुठे पळून जातोय का?” आणि हसले. पुढचा दात नव्हता तेव्हा. आई नेहमीसारखी टीव्हीला म्हणाली, “जेवलात का?”

मी तुझ्याकडे बघत होते. तू रागावशील, उठून जाशील, किंवा रडशील, असं मला वाटत होतं. तू म्हणालीस, “मला माकळाचे पाय द्यायचे ते. भाजलेले. कागदात गुंडाळून.” मला हे माहीतच नव्हतं.

मग तू यंत्रातून कॅसेट काढलीस, उलटी केलीस आणि कडेच्या त्या भोकात करंगळीचं नख घातलंस. सेलोटेप मी त्याच दिवशी काढून टाकली होती, पुरावा नको म्हणून. भोक तसंच उघडं होतं.

“हे मी तोडलं होतं,” तू म्हणालीस.

“हो.”

“यावर नंतर कुणीच काही भरलं नाही?”

मी सांगितलं ते तुला आठवत असेल. बाबा गेल्यानंतरच्या वर्षी भावाने तीच कॅसेट घालून सुमोच्या कुस्त्या भरायला घेतल्या होत्या. यंत्राने घेतली नाही, कडेचा तुकडा नाही म्हणून बाहेर ढकलली. तो यंत्राला शिव्या देत दुसरी कॅसेट शोधायला गेला.

 तू कॅसेट आईच्या मांडीवर ठेवलीस आणि तिला म्हणालीस, “काकू, ही मी राखली हं.”

आईने तुझा हात धरला आणि “हो, बाळा,” म्हणाली, जणू तिला ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

सुमिए